काय ठेवलं

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि मी, चौघंही धडधाकट. खोली वरच्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, आणि खाली घरमालकीणबाई. बाई एकट्याच राहतात आणि भलत्याच नीटनेटक्या. मी चपला वाकड्या काढल्या, तर बोलता बोलता त्यांनी पायानेच सरळ केल्या.

उद्यापासून लॅब. कवळ्या बनवायच्या. मेण तेच, प्लास्टर तेच, फक्त जबडे नव्या गावाचे.

ताईला फोन केला. तिचं पोटाचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलंय. मी अठराला निघणार, सुट्टीचं नोकरी घेतानाच बोलून ठेवलंय. आईबाबा गेल्यापासून आम्हा दोघींना दोघीच. तिने मला लहानाची मोठी केली, आता तिच्या उशाशी मी नाही तर कोण बसणार? ती म्हणाली, बस बाई, पण तिथे तरी डबे शोधत फिरू नकोस.

५ मार्च, बुधवार

लॅबचे सर भला माणूस. कामात मात्र काटेकोर, दात केसभर सरकला तरी कवळी परत.

जेवताना माझ्या छंदाचा विषय निघाला. जिओकॅशिंग म्हटल्यावर ताईसारखंच इथल्यांनाही वाटेल की यात कॅश मिळते, म्हणून मी आधीच सांगून टाकलं की मिळतो तो फक्त डबा. कोणीतरी तो लपवतं, जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं, आपण जाऊन शोधायचा आणि आतल्या वहीत टोपणनावाने सही करायची. माझं टोपणनाव मुंगी. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. खायचं काही ठेवायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू द्यायचा नाही. आणि डबा जिथे जसा सापडला तिथेच तसाच परत ठेवायचा, आपली अक्कल पाजळायची नाही.

सगळे माना डोलवत होते. सर म्हणाले, इथे हे नियम फार पाळतात. मला बरं वाटलं. नाहीतर लोक वेड्यात काढतात.

९ मार्च, रविवार

गल्लीच्या टोकाला बंद पंपघर आहे. त्याच्या मागच्या भिंतीत सैल विटेमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत एक पितळी शिट्टी आणि वही. सात मिनिटांत सापडला, स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

शिट्टी घेतली, बदल्यात माझी घडीची कात्री ठेवली. वहीत मात्र घोळ झाला. सगळीकडे तारीख, मग नाव असतं. इथे तारीख, काय घेतलं, काय ठेवलं, आणि सही पार शेवटी. हात सवयीने चालला आणि ‘काय ठेवलं’च्या खाली मी ठसठशीत ‘मुंगी’ लिहून मोकळी झाले. वहीत खाडाखोड करायची नाही हा माझा शिरस्ता. सहीच्या रकान्यात पुन्हा मुंगी लिहिलं आणि वीट लावून परतले.

बाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. कोणत्या रकान्यात लिहिलं, एवढंच दोनदा विचारलं.

११ मार्च, मंगळवार

आज ॲपवर तो डबा पंपघराजवळ दिसेना. ठिपका आमच्या घरावर आहे. फोनचं डोकं फिरलं असावं.

संध्याकाळी लॅबमधून येऊन पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसले होते, तर खोलीचं दार उघडून एक नवरा-बायको दारात. पाठीवर पिशव्या, हातात फोन. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बायको खुशीत नवऱ्याला म्हणाली, सापडली. दारालगत खिळ्याला एक वही टांगली होती. पंपघरातलीच. दोघांनी सही केली आणि जाताना दार ओढून घेतलं. बाहेरून कडीही घातली.

अर्ध्या तासाने बाईंनी उघडलं. म्हणाल्या, त्यांना दार बंद दिसलं होतं, म्हणून बंद करून गेले. जसं होतं तसं. मी चिडून बोलले त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि दारातल्या माझ्या चपला सरळ केल्या.

१२ मार्च, बुधवार

लॅबमध्ये पोचले, तर सरांनी आत घेतलं नाही. गोड बोलून स्कूटरवर बसवलं आणि इथे आणून सोडलं. म्हणाले, तुमची जागा इथे नाही आता, आणि हलवलं तर लोकांची शोधाशोध होते.

वही वाचली. आधी नीट वाचलीच नव्हती, नसती घाई. ठेवलं: आत्या. पुढच्याच ओळीत घेतलं: आत्या, ठेवलं: धाकटा. मग घेतलं: धाकटा, ठेवलं: शिट्टी. मग मी.

बाईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. कोणी आलं, आपलं माणूस घेतलं, तेवढ्याच मोलाचं माणूस ठेवलं, असं इतकी वर्षं चाललंय. धाकट्याचा भाऊ मात्र शिट्टी ठेवून फसवून गेला. तेव्हापासून मी येईपर्यंत डबा रिकामाच म्हणायचा, यापुढे वही त्या स्वतः समोर उभं राहून भरून घेणार. मी म्हटलं, अहो, माझा रकाना चुकला. त्या म्हणाल्या, अक्षर तर तुमचंच आहे ना.

मी खाडाखोड केली. पानाच्या चिंध्या होईपर्यंत खोडलं. संध्याकाळी बाईंनी नवीन वहीत सगळं सुवाच्य उतरवून काढलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

बस स्टँडपर्यंत गेले. तिकीट काढलं, बसलेसुद्धा. कंडक्टरने फोन बघितला आणि मला उतरवलं. कोणी हात पिरगळला नाही, कोणी आवाज चढवला नाही. बसमधले चौघं सोबत आले. एका काकांनी माझी बॅग उचलली, एका बाईने दोनदा विचारलं की ऊन लागत नाही ना. पोलीसही भेटला. मी त्याचा हात धरून रडले. त्याने माझा हात हळूच सोडवला आणि चौघांना विचारलं, मिळालेली नेमकी जागा माहीत आहे ना?

पलंगावर आणून बसवलं. खिडकीकडे तोंड करून, जशी त्या नवरा-बायकोला दिसले होते तशी.

मला भीती वाटतेय. मारतील म्हणून नाही. हे सगळे चांगले लोक आहेत म्हणून.

१५ मार्च, शनिवार

आज अकरा जण येऊन गेले. ताईला फोन करून सगळं सांगितलं. तिला वाटलं तापात बरळतेय. मी रडत म्हटलं, ये आणि घेऊन जा मला. ती म्हणाली, येते.

फोन ठेवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. घेतलं तर ठेवायलाही लागतं. परत लावणार तेवढ्यात बाई आल्या. फोन घेऊन गेल्या. डब्यात बॅटरीवरच्या वस्तू ठेवत नाहीत म्हणे, गळतात.

१६, रविवार

जेवण नाही आलं. खायचं ठेवत नाहीत. हा नियम मीच सांगत होते सगळ्यांना, मोठी शहाणी.

पाणी मिळतं. भेटायला आलेले पाजतात आणि भांडं परत नेतात.

१७

खिडकीला बाहेरून फळी मारली. रस्त्यावरून दिसत होते. आता फटीतून येतो तेवढाच उजेड. त्यात लिहितेय.

दार आतून ढकललं, खांदा सुजला. ओरडले की जिन्यावरचे लोक थांबतात. ऐकतात. मग म्हणतात, आहे, आहे.

ताई, येऊ नकोस. येऊ नकोस गं.

१८

आज निघायचं होतं.

तिने ऑपरेशन पुढे ढकललं असेल का. तसं पोट धरून बसमध्ये बसली असेल. माझ्यासाठी. मीच बोलावलं.

१९? फटीत ऊन आहे

खाली ताईचा आवाज.

ताईच. जिना चढताना थांबतेय, धाप लागलीय तिला. बाई तिला बसायला खुर्ची देताहेत. किती प्रेमाने बोलताहेत —

वही काढली खिळ्यावरून. ताईला सांगताहेत, भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर आहे. सही केली की बहिणीला लगेच घेऊन जा.

विचारताहेत, घरी तुम्हाला काय म्हणतात —

ती म्हणाली, ताई. हसली. माझी धाकटी ताईच म्हणते, म्हणाली.

बाई रकाना दाखवताहेत. हा नाही, त्याच्या शेजारचा —

मी ओरडले तर ऐकू जाईल. मध्ये एवढंसं दार आहे. ताई माझा आवाज ओळखेल, हातातलं पेन टाकेल. एवढंच करायचंय.

मी ओरडत नाहीये.

लिहीत बसलेय. का लिहीत बसलेय मी. देवा, चार दिवस पोटात काही नाही, मला बाहेर जायचंय, मला नुसतं त्या दाराबाहेर —

पेन चालत नाही म्हणतेय ती. बाई दुसरं आणायला गेल्या. जिन्यात आता फक्त ताई आहे. अजून वेळ आहे. ओरडायचं. आत्ता. एकदाच, ताई म्हणून —

बाई आल्या.

आता तरी —