सरळ कापलेला दरवान

आदरणीय व्याहीबुवा,

शाईचे डाग न गेलेल्या हातांचा नमस्कार स्वीकारावा. पुढचं सगळं वेड्यासारखं वाटू नये म्हणून आधी एक छोटा हिशेब मांडतो. तळहातात मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा, दोन्ही बाजूंना चार रंग, वरून वार्निश, कटिंग आणि कामगारांचा चहा धरून मला माझ्या छापखान्यात पडतो तो लिमलेटच्या गोळीच्या भावात. त्याच तुकड्यावर दलदलीत कंबरभर बुडालेल्या एका दाढीवाल्या दरवानाचं चित्र असलं, तर बाजारात त्याला दोन रिम आर्ट पेपरचे पैसे मोजावे लागतात. दोन रिम. मी दुकानदार बाईंना पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली, आणि शेवटी त्यांनी मला बसायला स्टूल दिलं.

आपली कंबर आता कशी आहे? शिलाई मशीनवर वाकून बसणं कमी केलंत, असं सूनबाईंकडून कळलं. (तुम्ही तिला तसं सांगता हेही कळलं आणि खरं तसं नाही हेही कळलं. माझे कान तिखट आहेत. छपाईचं मशीन चालू असताना बाहेरच्या खोलीत बसून मी सांगतो की कागद तिरका ओढला जातोय, मग फोनवरचा आवाज काय चीज आहे.) विहीणबाईंचा गुडघा बरा असावा. इकडे सर्व ठीक. म्हणजे या पत्राच्या शेवटापर्यंत ठीकच समजा.

आपली कन्या कार्डांचा खेळ खेळते, हे तुम्ही लग्न ठरवताना सांगितलं होतं. मी समजलो, पत्ते. बावन्न पानं, एक कॅट आयुष्यभर पुरतो, सुनेला फार खर्चिक नाद नाही म्हणून मनातल्या मनात खूशच झालो. इकडे आल्यावर पाहतो तर साठ कार्डांचा जुडगा, त्याला डेक म्हणायचं, आणि ती साठ कार्डं हजारोंतून ज्याची त्याने निवडायची, विकत घ्यायची आणि मग समोरच्याला हरवायचं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढून ती घरी येते आणि जेवणाच्या टेबलावर ही कार्डं मांडून बसते. तिने स्वतःला ठरावीक रक्कम आखून दिली होती, त्याच्या वर जायचं नाही. महागाचं कार्ड परवडत नसेल तर तसंच काम करणारं स्वस्तातलं शोधायचं, दुबार झालेलं कुणाला तरी देऊन हवं ते घ्यायचं. हे ऐकून मला भरून आलं. छापखान्यात झाडू मारण्यापासून मी सुरुवात केली आणि मशीनचा पहिला सुटा भाग भंगारातून उचलला. घरात आपल्याच जातकुळीचं माणूस आलं असं वाटलं.

म्हणून मदतीला धावलो. दुकानात गेलो आणि बंद पाकिटांचा एक अख्खा खोकाच उचलला (घाऊक भावाने, अर्थात). घरी येऊन फोडला. व्याहीबुवा, आत काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. माल न बघता विकतात, माल न बघता घेतात, आणि कुणी कुणाची गचांडी धरत नाही. त्या खोक्यात मला बेडूक मिळाले. नुसते बेडूक. सूनबाई शांतपणे म्हणाली, "बाबा, पाकिटं घ्यायची नसतात. लागेल तेवढं सुटं घ्यायचं." मी म्हटलं, सुटं तरी कशाला, मी छापतो की, मूळ कार्डापेक्षा रंग चांगले लागतील. तर म्हणे, स्पर्धेत छापलेलं चालत नाही. आता मूळ कार्डं काय झाडाला लागतात का? तीही कुणीतरी छापलेलीच ना? पण तिने समजुतीने माझ्याकडे पाहिलं. दूरचं वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतात, तसं.

डेक जमत आला. स्पर्धा आठवड्यावर आली, पहिले आठ जण पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते आणि सूनबाईला तिथे जायचंच होतं. अडलं होतं फक्त एकाच ठिकाणी. दलदलीचे दरवान चार लागतात, तिच्याकडे तीन होते. चौथ्याचा भाव वर सांगितलाच. मी चिरंजीवांना म्हटलं, मी जाऊन भाव पाडून आणतो. तुम्हाला ठाऊक आहे, दुकानदाराने सांगितलेली पहिली किंमत मी जन्मात कधी दिलेली नाही. लग्नाच्या हॉलवाल्याला मी कसा तिसरा हिस्सा खाली आणला, तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात आणि संकोचून चपला शोधत होतात. पण सूनबाई म्हणाली, नको, माझी सोय झालेली आहे.

सोय कसली, ते मी शोधून काढलं. तिच्या डब्यात तळाशी, वेगळ्या पाकिटात, चौथा दरवान होता. फक्त वाकडा. कारखान्यात कागद सरकला असणार, त्यामुळे चित्र एका अंगाला गेलेलं, वरच्या कडेला शेजारच्या कार्डावरच्या कुणाचे तरी पाय आलेले. असला माल माझ्या हातून गेला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. मला वाटलं, पोरीला तो वाकडा दरवान चारचौघांत काढायची लाज वाटते म्हणून तळाशी दडवलाय. मी तो छापखान्यात नेला, पात्याला धार लावली, चारी बाजूंनी कटिंग घेतलं. व्याहीबुवा, काय सुरेख कापला गेला. पाय गेले, दरवान बरोबर मधोमध आला. कार्ड सूतभर लहान झालं खरं, पण खेळताना प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालतात, तिथे कोण बघतंय? गुपचूप डेकमध्ये घातला आणि एक पैसा न घालवता काम केलं म्हणून छाती फुगवून फिरत होतो.

स्पर्धा एका सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. दुकानदार बाईंनी दाराशी टेबल मांडून सुटी कार्डं लावली होती. सूनबाईने आल्या आल्या एका दाताच्या डॉक्टरांना गाठलं. पिकलेल्या केसांचे गृहस्थ, दिवसभर दात उपटतात आणि सुटीच्या दिवशी बेडूक लढवतात. तिने डब्यातून ते तळाचं पाकीट काढलं. रिकामं. तिचा चेहरा उतरला. मी पुढे झालो आणि अभिमानाने म्हटलं, शोधू नकोस, डेकमध्ये घातलाय, सरळ करून दिलाय.

डॉक्टरांनी तो दरवान पाकिटातून काढला, उजेडाकडे धरला आणि चुकीचा दात काढलेल्या तोंडात पाहावं तसं पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "कुणी कापला हा?"

मग मला कळलं. छापताना चुकलेलं कार्ड लाखात एखादं सापडतं, म्हणून त्याच्यासाठी माणसं जीव टाकतात. तो वाकडा दरवान डॉक्टर विकत घेणार होते, आणि त्या पैशांत सूनबाई सरळ दरवान घेऊन वर पुढच्या स्पर्धेचा जाण्यायेण्याचा खर्च भागवणार होती. ते पाय, जे मी कात्रणाच्या टोपलीत टाकले, तेच खरं भांडवल होतं. जन्मभर वाकडा छापलेला माल मी पदरचा खर्च करून पुन्हा छापून दिला. गोदामात त्याची रद्दी रचून किलोने विकली. शेजारच्या खुर्चीवर मी बसलो. खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी होती.

पंचांनी कापलेलं कार्ड हाताने चाचपलं आणि म्हणाले, लहान आहे, पाकिटातही बोटाला कळतं, चालणार नाही. नावं द्यायची वेळ संपत आली होती. सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तो दरवान उलटसुलट पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "कापलंय मात्र छान, बाबा."

त्या वाक्यानंतर मी दारातल्या टेबलाशी गेलो आणि दरवान घेऊन आलो. सूनबाई खेळली आणि सहावी आली. पुढच्या स्पर्धेला तिची निवड झाली. दिवसभरात चौथा दरवान तिच्या हातात एकदाही आला नाही. साठात कुठेतरी खाली दडून बसला होता, आणि मला त्याचं मन कळत होतं.

विहीणबाईंना नमस्कार. कळावे,

आपला व्याही,
छापखानेवाला

ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं. सूनबाई म्हणते, लहानपणी ती तापाने पडली असताना तुम्ही तिला जे पाकीट आणून दिलंत, त्यात वाकडी कार्डं दोन निघाली होती. एक तिने ठेवलं, तेच मी कापलं. दुसरं खराब माल म्हणून तुम्ही शर्टाच्या खिशाचा कोपरा आखायला तुमच्या शिलाईच्या दुकानात नेलंत. ते अजून कात्र्यांच्या डब्यात, खडूंच्या शेजारी असावं. डॉक्टर म्हणतात, झिजलं असलं तरी घेईन, पुढच्या स्पर्धेचं गाडीभाडं सुटेल. कृपा करून आहे तसं पाठवा. पुसू नका, इस्त्री फिरवू नका, आणि कात्रीपासून लांब ठेवा. एका बापाने केलं तेवढं पुरे.

ता. क. दुसरं. हॉलमध्ये खुर्च्या आवरताना दुकानदार बाई डॉक्टरांना काय सांगत होत्या, ते माझ्या कानांवर आलं. छापखानेवाले घासाघीस करणार म्हणून त्यांनी दरवानाची किंमत तिसऱ्या हिश्शाने चढवून सांगितली होती. आणि मी त्या दिवशी घासाघीस न करता तेवढेच मोजून आलो होतो.