चेहरे वाचून घेतलेलं घर

३ मार्च
फ्लॅट पसंत. हिचं म्हणणं, घेण्याआधी बांधकाम बघणाऱ्या चांगल्या तपासनिसाला दाखवू. तिच्या भावाने त्याचा फ्लॅट असाच दाखवला होता म्हणे. म्हणजे यामागे मेहुणा आहे! तपासनिसाचं आणि एजंटचं साटंलोटं नसेल कशावरून? मी स्वतः तपासणार. मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय.

५ मार्च, सकाळी
तपासणी फत्ते. भिंतींकडे मुद्दामच पाहिलं नाही. भिंती काय बोलणार? माणसाचा चेहरा बोलतो. कुठे गळतं का, असं एजंटला अचानक विचारलं. पापणीही लवली नाही. घरमालक तर मनमोकळं हसले. ही बाथरूमचा नळ सोडून बघायला निघाली, तर मालक म्हणाले, वहिनी, आत्ताच फरशी पुसलीय, घसराल. सज्जन माणूस. दुसऱ्याच्या बायकोची एवढी काळजी कशाला, हा प्रश्न वेगळा.

८ मार्च
पुन्हा तपासनीस! म्हणते, तिच्या शिवणकामाची सगळी बचत यात जातेय, एकदा दाखवायला काय हरकत आहे? मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही? उठून शिवायला बसली. पटलं असावं.

२० मार्च
व्यवहार पूर्ण. मालकांचा फोन लागत नाही. कामात असतील.

२ एप्रिल
राहायला आलो. पहिली आंघोळ माझी. लगेच खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. त्यांच्या पलंगावर पाणी टपकतंय म्हणे. पहिल्याच दिवशी भांडण उकरून काढतायत. चेहरा बेरकी.

३ एप्रिल
आमच्याही हॉलचा रंग फुगला. बोट लावलं, पोपडा हातात. आत काळंकुट्ट. आजोबांनीच काही केलं असेल. पण खालून वर पाणी कसं चढवलं?

१० एप्रिल
हिने तपासनीस बोलावलाच. विचित्र माणूस. माझ्याकडे बघेचना. बाथरूममध्ये पालथा पडून टॉर्च मारत होता, भिंतींना यंत्र लावत होता. चेहरा वाचायला मिळाला नाही, म्हणून संशय बळावला. शेवटी उठून म्हणाला, फरशीखालचे पाइप सडलेत, सगळी उखडावी लागेल. आधी दाखवलं असतं तर घेऊच दिलं नसतं.

हिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, म्हणून ठासून सांगितलं, की घेताना रीतसर तपासणी झाली होती. त्याने विचारलं, कोणी केली? मी म्हणालो, होता एक. त्यानेच आम्हाला फसवलं.

तो भयंकर चिडला. म्हणाला, अशा माणसांमुळे आमचा धंदा बदनाम होतो, त्याचं नाव सांगा, चार लोकांना सावध करतो.

हिने डोळे पुसले आणि सांगितलं. आडनावासकट.