तुझी चकती मी पालटली

प्रिय केतकी,

परवा कोर्टात माझी साक्ष आहे. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, आठवेल ते आधी लिहून काढा. लिहायला बसले, आणि त्यांच्याऐवजी तुलाच लिहितेय.

योगाला तुला मीच ओढून नेलं. नागपूरहून इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आलेली, बर्फाला घाबरून घरात बसलेली नवी शेजारीण, असं मला वाटायचं. घाबरायचीस तू, पण बर्फाला नाही!

स्टुडिओत श्वास घेत हात वर, सोडत खाली, सगळ्या कशा संथ वाहत असायच्या. तुझा डावा हात मात्र कधी पूर्ण वर गेला नाही. हीटरच्या त्या उकाड्यातही लांब बाह्या. आणि चटईपाशी ती लाकडी चकती! फुलाची बाजू वर असेल तर टीचरने हात लावून आसन सुधारायचं, कोरी असेल तर लांब राहायचं. तुझी कायम कोरी. मला वाटलं, शिष्ट आहे.

त्या शनिवारी तू डोळे मिटलेस आणि मी गंमत म्हणून चकती पालटली. बालासनात टीचरने तुझ्या पाठीवर हात ठेवला. केवढ्याने किंचाळलीस गं!

पार्किंग लॉटमध्ये म्हणालीस, "काकू, प्लीज कुणाला सांगू नका. बाथटबमध्ये स्लिप झाले."

"अगं, डॉक्टरकडे चल. मी ड्राइव्ह करते."

"नको ना. मी मॅनेज करते."

मग मी काय केलं? आपल्याकडे करतात तेच. घरी येऊन तुझ्या नवऱ्याला फोन केला. "अहो, केतकी क्लासमध्ये किंचाळली. पाठीला लागलंय तिच्या. जरा लक्ष द्या." किती गोड बोलला! "थँक्यू काकू, बरं झालं सांगितलंत. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी तुला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं, तेव्हा चेहराही चादरीने झाकलेला होता. तुझं डोकं त्याने भिंतीवर किती वेळा आपटलं, ते मला परवा ऐकायचंय.

तुझाही राग येतो, केतकी. एकदा तरी बाही वर करायचीस! आणि तो? हाती लागला तर दात पाडीन त्याचे, मान मुरगाळीन. गेल्या आठवड्यात टीचर "लेट इट गो" म्हणाली आणि मी पाण्याची बाटली आरशावर भिरकावली. आरसा फुटला. कुणी रागावलं नाही, त्याचाच जास्त संताप आला.

तो म्हणतो, तू जिन्यावरून पडलीस. पाठीचं त्याला ठाऊकच नव्हतं. माझा फोन पॉटलकला कोण काय पदार्थ आणणार, ते विचारायला होता म्हणे! खरं काय बोलणं झालं, ते फक्त त्याला आणि मला माहीत आहे.

तुझी आई माझ्याकडेच उतरलीये. रोज माझा हात धरून म्हणते, "तुम्ही होतात, म्हणून माझ्या पोरीला इथे कुणीतरी होतं."

वचन देते, कोर्टाच्या आधी उद्या सकाळी तिला सांगेन. चकतीचं, फोनचं, सगळं. मग तिने माझ्या घरचं पाणीही घेतलं नाही तरी परवा मी साक्षीला उभी राहीन.

तुझी,
शुभदाकाकू