शनिवारी साडेसातला इटली

शनिवार, १ नोव्हेंबर. घरी परत, ९.४०
नोंद राहावी म्हणून लिहितो. आज बरोबर साडेसातला मी मंडळाच्या हॉलमधल्या टीव्हीवरची इंग्लिश फुटबॉल मॅच काढून इटालियन लावली. मी मंडळाचा सचिव आहे. रिमोट सचिवाकडे असतो. ठराव आहे: सहाला इंग्लिश, साडेसातला इटालियन. सहाची मॅच सात पन्नासला संपते हा इंग्लंडचा दोष, माझा नाही.
चौदा माणसं होती, चौदाही ओरडली. सगळ्यात जास्त प्रफुल. प्रफुल म्हणजे शाळेतला पीटीचा मास्तर, माझा पंधरा वर्षांचा मित्र, इंग्लिश फुटबॉलने बिघडवलेला चांगला माणूस.
त्या वीस मिनिटांत तिकडे तीन गोल झाले म्हणे. तिसरा अगदी शेवटच्या सेकंदाला. आमच्याकडे, म्हणजे इटलीत, तेवढ्यात दोन थ्रो-इन झाले आणि एका डिफेंडरने खाली बसून बुटाची लेस बांधली. घाई नाही, गडबड नाही. मी टाळी वाजवली. एकट्यानेच.
प्रफुल म्हणाला, हरी, तू माणूस होय का कोन होय बे?
बोडीकडे, गावतळ्याजवळ, वाघ फिरतो म्हणून मॅचनंतर आम्ही सगळे टॉर्च घेऊन एकत्र घरी येतो. आज ते पुढे चालले, मी दहा पावलं मागे. वाघाने कोणाला आधी धरलं असतं हे सांगायला नको. तत्त्वासाठी एवढी जोखीम घ्यावी लागते.

रविवार, २ नोव्हेंबर
सकाळी शांत डोक्याने तुलना केली. वहीचं पान दोन भागांत.
इंग्लिश: पळापळ. पाऊस. पब्लिक मॅचभर गाणी म्हणतं. बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे, शंकरपटातले बैल सुटल्यासारखे. (हे वाक्य प्रफुलला ऐकवू नये. इथे शंकरपट सगळ्यांनाच आवडतो. मलाही.)
इटालियन: विचार. बचाव. कोच सुटाबुटात. छत्तीस-सदतीस वर्षांची माणसं आरामात खेळतात. मी एक्केचाळीसचा आहे. म्हणजे फार उशीर झालेला नाही.
संकल्प: आजपासून प्रत्येक इटालियन मॅच पूर्ण नव्वद मिनिटं बघायची.
संध्या. ७.१५: पाचची मॅच घरी मोबाइलवर लावली. पस्तिसाव्या मिनिटाला डोळे मिटले. बचावाची लय डोळे मिटूनच कळते. रश्मीने सातला उठवलं. शून्य-शून्य. म्हणजे मधे काहीच चुकलं नाही. ती म्हणाली, अजी, झोपाचंच होतं त मोबाइल कायले जाळता?
बायकोला फुटबॉल कळत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
प्रफुलने आव्हान दिलं. रविवारी गावची मंडई आहे, दिवाळीनंतरची जत्रा. दुपारी मैदानावर इंग्लंड विरुद्ध इटली, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. जो जिंकेल त्याचा शनिवार, पूर्ण सीझन. हॉलमध्ये दुसरं काही लागणार नाही.
लगेच हो म्हटलं. मग लक्षात आलं की फुटबॉल येणारी गावातली सगळी पोरं प्रफुलच्या शाळेतून निघालेली आहेत. ती सगळी इंग्लंडकडे गेली. माझ्याकडे यायला कोणी तयार नाही.
हरकत नाही. टीम नावाने जिंकत नाही, पद्धतीने जिंकते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मास्टरस्ट्रोक. लालसू आणि पोचूला घेतलं. तालुक्यातली कबड्डीची सर्वांत भक्कम जोडी. चढाई करणारा एकदा यांच्या हाती लागला की त्याचे घरचे येऊन सोडवतात. बाकीचे आठ त्यांच्याच संघातले. गोलकीपर मी.
पूर्ण तास इटालियन तत्त्वज्ञान समजावलं. शेवटी लालसू म्हणाला, म्हंजे मानूस पुढं जाऊ द्याचा नाई, एवढंच ना भाऊ? मी म्हटलं, एवढंच. इतकं सोपं करून कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नसेल.
पोचूने विचारलं, मंग गोल कोन मारन? हा इंग्लिश प्रश्न आहे. दुर्लक्ष केलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
रेफ्रीसाठी मी देवरावभाऊंचं नाव सुचवलं. हॉलची झाडलोट करतात, किल्ली त्यांच्याकडे असते, आणि वीस वर्षं कबड्डीचे पंच आहेत. शिट्टी स्वतःची. प्रफुल म्हणाला, त्यायले फुटबॉल समजते का? मी म्हटलं, निःपक्षपातीपणा समजतो. प्रफुलने नाव मान्य केलं.
आज हॉलमध्ये मॅच लावली नाही. टीमला विश्रांती हवी. मलाही.

रविवार, ९ नोव्हेंबर. मंडई
जिंकलो! १-०.
सविस्तर लिहितो, कारण लोक वेगळं सांगतील.
मैदान म्हणजे धान कापलेल्या शेताची बांधी. धसकटं बुटाला टोचत होती. चहूबाजूंनी मंडईचं पब्लिक. तिसऱ्या मिनिटाला इंग्लंडचा स्ट्रायकर बॉल घेऊन आत आला. लालसू आणि पोचूने हातात हात धरून साखळी केली, पोचूने घोटा धरला, पोरगा आडवा. मला वाटलं फाउल. देवरावभाऊंनी शिट्टी वाजवली, हात वर केला आणि त्या पोराला म्हणाले, पकडला. आउट. जा भाईर.
प्रफुल धावत आला. अहो भाऊ, हा फुटबॉल होय! देवरावभाऊ म्हणाले, मले नोको शिकवू, पकडला म्हंजे आउट. पब्लिकने टाळ्या वाजवल्या. पब्लिकला हा नियम लगेच पटला.
हाफटाइमपर्यंत इंग्लंडचे सहा उरले. सेकंड हाफमध्ये तीन. शेवटी त्यांचा गोलकीपर वैतागून पुढे आला, त्यालाही लालसूने धरलं. रिकाम्या गोलमध्ये पोचूने बॉल नेऊन ठेवला. हाताने नेला असं काही जण म्हणतात. मी लांब होतो.
मॅच संपल्यावर प्रफुल भांडेल असं वाटलं होतं. उत्तरं तयार होती. तो धसकटात बसून पोट धरून हसत होता. म्हणाला, घे बाबा, टीव्ही घे.
त्याचं हसणं मला आवडलं नाही. हरलेल्या माणसाने रागवावं.

शनिवार, १५ नोव्हेंबर
विजयाचा पहिला शनिवार. साडेपाचलाच हॉल उघडला. खुर्च्या चौदा मांडल्या, वर चार जास्तीच्या.
आले पाच. धान मळणीचे दिवस आहेत. हाफटाइमला दोन उरले. त्यातला एक मोबाइल चार्ज करायला आला होता.
समजलं की प्रफुलने घरी मोठा टीव्ही लावला आहे आणि सगळे तिकडे. म्हणजे बहिष्कार. स्पष्ट बहिष्कार! जेवताना रश्मी सांगू लागली, प्रफुलभाऊच्या घरी ना... मी तिथेच थांबवलं. विरुद्ध गोटातल्या बातम्या या घरात नकोत. ती म्हणाली, अजी, ऐकून त घ्या. मी कान धुवायला उठलो.

शनिवार, २२ नोव्हेंबर
तीन माणसं. मी, देवरावभाऊ आणि लालसू.
बाविसाव्या मिनिटाला लालसूने विचारलं, भाऊ, हे कधी सुरू होनार? मी म्हटलं, सुरू आहे. तो आणखी थोडा वेळ बसला, मग गाय बांधायची राहिली म्हणून गेला. लालसूकडे गाय नाही.
मॅच चांगली झाली. शून्य-शून्य. माझा थोडा डोळा लागला, दिवसभराच्या धावपळीने. देवरावभाऊंनी उठवलं, कुलूप लावायचं होतं. घरी जाताना तेच सोबत होते.
संकल्प: पुढच्या शनिवारी चहा ठेवायचा. लोक खेळासाठी नाही, चहासाठी जमतात.

शनिवार, २९ नोव्हेंबर
तीस जणांचा चहा केला. मीच प्यायलो, चार कप. त्यामुळे झोप नाही आली, पण मॅच नीट बघितली तेव्हा लक्षात आलं की इटलीतही स्टेडियम अर्धं रिकामं आहे. चांगल्या गोष्टीला गर्दी नसतेच.
देवरावभाऊ आज आले नाहीत. किल्ली सकाळीच देऊन गेले. पायात वात आला म्हणाले.
साडेनऊला कुलूप लावलं. अंधार. वन विभागाचा फलक समोरच: एकटे फिरू नका. एकटे फिरण्याशिवाय माझ्याकडे काय होतं? प्रफुलच्या घरावरून जाताना थांबलो. फक्त सोबतीसाठी. आत रात्रीची इंग्लिश मॅच सुरू होती. एकदम सगळे ओरडले. गोल झाला असेल. पोचूचा आवाज ओळखला. पोचू! माझा डिफेंडर!
लोक बाहेर पडले तेव्हा मी त्यांच्यात मिसळून चालू लागलो. पोचू मला गोल समजावत राहिला, रस्त्यातली काडी घेऊन. गोल साधारण बरा वाटला. हे लिहिलं तरी मान्य केलेलं नाही.

शनिवार, ६ डिसेंबर
हॉल बंद. आज महापरिनिर्वाण दिन, मॅच नाही. सकाळी विहारात गेलो. पांढरे कपडे, मेणबत्ती. प्रफुल शेजारी उभा होता. सरकून त्याने जागा दिली. वंदनेच्या वेळी त्याचा आवाज नेहमीसारखा खालच्या पट्टीत. वंदना संपली तसा मी निघालो.
त्याची आई गिरजाबाई दिसली नाही. दरवर्षी पहिल्या रांगेत असते. इंग्लिश फुटबॉलने माणसं कशी बदलतात.

शुक्रवार, १२ डिसेंबर
निर्णय झाला. उद्या प्रफुलच्या घरी जाऊन समेट करायचा. माघार नाही, समेट. निवेदन तयार आहे:
एक, दोन्ही लीगना आपापलं स्थान आहे.
दोन, बहिष्कार मागे घ्यावा.
तीन, मंडईची मॅच नियमाप्रमाणे झाली. (हे वाचायचं की नाही ते वातावरण बघून.)
लोक उठून स्वागत करतील. तेव्हा नम्र राहायचं. आरशात नम्र राहून बघितलं. जमतं.

शनिवार, १३ डिसेंबर
सहा वाजून दहा मिनिटांनी गेलो. दार उघडंच होतं. खोली भरलेली, उंबऱ्यापर्यंत चपला. खाटेवर, सगळ्यांच्या पुढे, गिरजाबाई उशांना टेकून बसलेली. एक पाय प्लास्टरमध्ये.
मी टीव्हीसमोर उभा राहिलो. खिशातून कागद काढला. घसा साफ केला.
गिरजाबाई म्हणाली, बाबू, बाजूले सरक ना, दिसून नाई राह्यलं.
सरकलो. लालसूने चटईवर जागा केली. बसलो.
हाफटाइमला प्रफुलने चहा दिला. मी म्हटलं, गिरजाबाईचा पाय? तो म्हणाला, मंडईच्या दुसऱ्या दिवशी पडली ना बे, अंगणात घसरून. संध्याकाळी एकटं सोडता येत नाई, म्हनून टीव्ही घरीच लावला. रश्मीवहिनी डबा घेऊन येते ना रोज, सांगितलं नाई का तुले?
सांगत होती. मी ऐकलं नाही.
मी विचारलं, म्हणजे बहिष्कार नव्हता? प्रफुल म्हणाला, कायचा बहिष्कार?
चार आठवडे मी भांडत होतो. भांडण सुरू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. प्रफुलची आई जवळजवळ पाच आठवडे खाटेवर होती आणि मी एका खोलीत अठरा खुर्च्या मांडून बसलो होतो. लाज वाटली. खूप वाटली.
निवेदनाचा कागद गिरजाबाईने मागून घेतला. तिच्या खाटेचा एक पाय हलत होता, त्याखाली घडी करून ठेवायला.