निकोलचा बाप्तिस्मा

डोंबिवली (प.)
३ फेब्रुवारी २०२५

ती. व्हिक्टोरिया आत्यास,
फ्लेव्हियनचा सप्रेम सलाम वि. वि.

तू म्हणतेस फोनवर माझं सगळं छानच असतं, म्हणून लिहायला बसलो. आत्या, मी पाळकाची जागा सोडतोय. राजीनामा लिहून ठेवलाय. महिनाअखेरीस कल्याणला जाऊन चर्चसंस्थेच्या अध्यक्षांच्या हातात देईन.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी आमच्या मंडळीतल्या लॅन्सी आणि रुपालीच्या निकोलचा बाप्तिस्मा होता. सकाळी खाडीवरून धुकं आलेलं, मग एकदम ऊन पडलं. खिडकीच्या निळ्या काचेतून आलेला उजेड पात्रातल्या पाण्यात हलत होता. मी बाळाला हातावर घेतलं, त्या उजेडाकडे बघत राहिलो, आणि डोक्यावर पाणी घालताना नाव घेतलं ते टान्याचं.

टान्या त्यांची पहिली मुलगी. दोन वर्षांपूर्वी जन्मली आणि बाप्तिस्म्याआधीच गेली, जेमतेम आठवड्याची. तिला माती देतानाची प्रार्थनाही मीच केली होती. रुपालीचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं मी काय बोललो ते. दुरुस्त न करताच मी बाळ तिच्या हातात दिलं. तेवढ्यात गायनमंडळाने गीत धरलं आणि उपासना पुढे सरकली.

त्यानंतर रुपाली चर्चमध्ये आलेली नाही. कमिटीत दोन तट पडलेत. काही म्हणतात बाप्तिस्मा झाला, काही म्हणतात पुन्हा करा. त्यांच्याशी मी वाद घालीन. पण जिवंत लेकराला मी गेलेल्या लेकीचं नाव दिलं, तेही तिच्या आईसमोर. ज्याच्या हातून असं होतं त्याने मंडळी सांभाळू नये. तिच्या दारात जायची माझी हिंमत नाही.

हे वाचूनही माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
फ्लेव्हियन


ठाणे
८ फेब्रुवारी २०२५

चि. फ्लेव्हियन यास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. पाळक झालास तरी अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे. दोनदा वाचलं आणि खुर्चीतच डोळा लागला. तुझे बेसिल काका आले होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण दुपारच्या झोपेत अजून येतात, बाहेरचे बूट घालूनच. छत्री कुठे ठेवलीस असं विचारलं आणि घरभेटीला निघाले. जाग आली तेव्हा मी दाराकडेच बघत होते.

त्यांच्याबरोबर मी किती घरभेटी केल्या, तुला ठाऊक आहे. पाळकसाहेब येणार असं कळलं की लोक टेबलावर नवा कपडा घालतात, आणि चेहऱ्यावरही तसाच काहीतरी चढवतात. म्हणून दुःखाच्या घरी काका कधीच कळवून जात नसत. तूही फोन करू नकोस. पवित्र शास्त्र पिशवीतच राहू दे. तुझ्या उपदेशात नेहमी तीन मुद्दे असतात, तिथे एकही नेऊ नकोस. चहा दिला तर पी, नाही दिला तरी बसून राहा.

राजीनामा द्यायचा तर दे. पाळक नसलास तरी माझा भाचा राहशीलच. पण रुपालीला न भेटता गेलास, तर आपल्यामुळे पाळक गेला असं ती जन्मभर म्हणत राहील. ते ओझं तिच्यावर टाकू नकोस. काकाही कितीदा पाळकपण सोडायला निघाले होते. दर वेळी कुणाच्या तरी घरी बसून परत आले.

मला तुझी फार काळजी वाटते रे. जेवत जा. भेटून आलास की लगेच कळव, आणि स्पष्ट लिहिलं म्हणून आत्यावर रुसू नकोस.

तुझी,
व्हिक्टोरिया आत्या


डोंबिवली (प.)
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

न कळवता गेलो. दार लॅन्सीने उघडलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात त्याची दुसरी पाळी असते, डबा घेऊन तो निघतच होता. आत या म्हणाला, पण स्वतः बूट घालून दारातच थांबला. टेबलावर कपडा नव्हता. रुपाली निकोलला झोके देत होती. मी बसलो. पडदा हलला की ऊन भिंतीवर चढायचं आणि उतरायचं, त्या दिवशी पाण्यात हलत होतं तसंच. किती वेळ गेला कोण जाणे, मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

मग पाळण्याकडे बघतच ती बोलू लागली. म्हणाली, टान्या गेल्यापासून या घरात तिचं नाव कुणी घेतलेलं नाही. सासूबाई विसर म्हणतात, लॅन्सी उठून बाहेर जातो. त्या रविवारी मी नाव घेतलं तेव्हा क्षणभर दोघी लेकी आपल्याजवळ आहेत असं तिला वाटलं. ती रागावून घरी बसली नव्हती. चर्चमध्ये आली तर मी माफी मागेन आणि ते नाव परत घेईन, याची तिला भीती वाटत होती.

आत्या, मी माफीच मागायला गेलो होतो. शब्दसुद्धा पाठ केले होते. ते गिळले आणि टान्या कुणासारखी दिसायची ते विचारलं. रुपालीच्या आधी दारातून लॅन्सीच बोलला, हनुवटी माझी होती म्हणाला. मग बूट काढून आत येऊन बसला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. चहा मिळाला, दोनदा.

राजीनामा याच कागदाच्या मागच्या बाजूला आहे, घरात कोरा कागद नव्हता. वाचायला जाऊ नकोस, तिथेही कोंबडीचे पायच आहेत.

२३ तारखेच्या रविवारी तू नक्की ये. निघताना रुपालीने मला सांगितलं, टान्याचा बाप्तिस्मा राहिला होता तो झाला, आता निकोलचा करा. शास्त्रात हे कुठे बसतं ते मला माहीत नाही. कमिटीला मी एवढंच कळवलंय की त्या दिवशी पात्रात पाणी भरून ठेवा.

काका दुपारी आले तर त्यांनाही सांग. दोघांचाही लोभ असू द्या.

तुझा,
फ्लेव्हियन