रुमालाखालचा भाव

धुळे, सोमवार, १ डिसेंबर १९८६

कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, हा कायदा आल्यापासून माझी पेढी बंद आहे. तरी आज सरकारी खरेदी केंद्रावर गेलो. कशाला गेलो? रांगेत बैलगाडीवर नाना बसले होते. पूर्वी त्यांचा कापूस दरसाल मीच घ्यायचो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आमचा भाव ठरायचा.

मी नेहमीचं सुरू केलं. "नाना, घेणारा एकच असला तर तुमच्या मालासाठी भांडणार कोण? वर तोटा झाला की सरकारी तिजोरीतून भरणार. ती तिजोरी कुणाची?"

नाना हसले. "शेठ, आठे भाव पाटीवर लिखेल शे, बठ्ठासले दिसस. तुमना रुमालखाल शेजारीना भाव कधी दिसना नही."

पाटीवरचा भाव सगळ्यांना दिसतो, हे खरंच. बाजार खुला हवा, हे मी आजही ठासून सांगेन. पण कुणाला? बायको गेल्यापासून घरात ऐकायला आहे कोण?

निघताना सवयीनं रुमाल पुढे केला. नानांनी खालून हात घालून माझी बोटं धरली. भाव ठरवायचा नव्हताच. रांग पुढे सरकली, मागचे ओरडायला लागले, तरी मला हात सोडवेना.