आत्या, मी सांगलीला जाऊन येते

आत्या,

तुम्ही देवळातून येईपर्यंत माझी एसटी सातारा सोडून गेलेली असेल. भाकरी टोपल्यात आहेत, आमटी तेवढी गरम करून घ्या. बीपीची गोळी विसरू नका.

मी विश्रामबागला त्या श्रद्धाकडे निघालेय. भांडायला नाही. काल तुम्ही जरा आडव्या झाला होता तेव्हा तिचा फोन आला. मी तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमची फारकत झालीय असं मला सांगितलं होतं. तुम्ही अजून त्याच घरात आहात हे मला परवा कळलं." मग रडायलाच लागली. कंपनीचं काम म्हणून हे दर शनिवारी सांगलीला जायचे ते तिच्याकडे, असं कळल्यापासून मी तिलाच शिव्या घालत होते. तुमच्या लेकानं तिलाही फसवलंय, आत्या.

"गडीमानूस हाय, यील ठिकानावर, तू दम धर," असं तुम्ही म्हणाला होता. धरला की. पण आता तिच्याकडून सगळं खरं ऐकल्याशिवाय मला घास जायचा नाही.

हे कामावरून आले की मी कुठं गेलेय ते सांगून टाका. माहेरी गेली म्हणून झाकू नका.

संध्याकाळी परत येते. मग ह्यांच्याशी बोलायचंय. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसाल का?

राजेश्वरी